सुरखाब खरंच असतो

उर्दूच्या तासाला ‘सुरखाब के पर लगना’ हा मुहावरा आला की मुलं हमखास विचारतात, “मॅडम, सुरखाब म्हणजे काय?” “शायरांच्या कल्पनेतला पक्षी,” असं मी कितीतरी वर्षं सांगत आले.

गेल्या डिसेंबरात आम्ही घरची मंडळी पैठणजवळ जायकवाडीच्या नाथसागरावर गेलो होतो. काठाच्या चिखलात तांबूस बदकांची एक जोडी बसलेली दिसली. मी लेकीला म्हटलं, “ती बघ, अडई.” शेजारी जाळं आवरणारे चाचा हसले. “अडई नव्हं, चक्रवाक हाय. उडू द्या, मंग बघा.”

आम्ही लांबच थांबलो. थोड्या वेळाने जोडी आपण होऊन उडाली आणि पंखांवर मोठा पांढराशुभ्र पट्टा उघडला. अडई लहान, तपकिरी. तिच्या पंखांवर असा पट्टा नसतो. चक्रवाक चांगला दोन फुटांचा. अंग नारिंगी, डोकं फिकट. चोच, पाय आणि शेपूट काळी. विणीच्या काळात नराच्या गळ्यात बारीक काळी कंठी दिसते, मादीला ती नसते. बहुधा जोडीनेच राहतो आणि खोल पाण्यापेक्षा काठावर, वाळूवर जास्त रमतो. लडाख, तिबेट, मध्य आशियात पिल्लं वाढवून हिवाळ्यात आपल्याकडे येतो.

घरी आल्यावर लेकीने पक्ष्यांचं पुस्तक आणि माझी उर्दू लुगत शेजारी ठेवली. लुगतमध्ये सुरखाबपुढे अर्थ होता ‘चकवा’. पुस्तकात चक्रवाकाचं हिंदी नावही चकवाच. “अम्मी, आपण पाहिला तोच सुरखाब!”

मी गप्प झाले. दर हिवाळ्यात आपल्याच गोदावरीवर उतरणारा पक्षी मी मुलांना खोटा म्हणून शिकवला होता. लुगत कपाटातच होती, उघडली मात्र नव्हती. सूरह अल-अनआममध्ये पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. या उम्मतीचं नाव मला जाळं आवरणाऱ्या चाचांनी सांगितलं, पदवीने नाही.

सोमवारी वर्गात आधी चूक कबूल केली, मग फळ्यावर सुरखाब काढला.

या हिवाळ्यात मुलांना जवळच्या तलावावर न्या. दगड मारू देऊ नका, जवळ जाऊ नका. आकार, चोच, उडताना पंख, एवढं वहीत लिहायला सांगा. नाव नंतर शोधा. आणि ठाऊक नसेल तर “मला माहीत नाही” म्हणा. मुलं त्यातूनही शिकतात.