बिलावरचे दोन आकडे

रमजान जवळ आला की आपल्या घरांत दोन याद्या होतात, एक किराण्याची आणि एक ईदच्या कपड्यांची. अलीकडे या याद्यांच्या जोडीला एक वाक्य ऐकू येते, ‘आत्ता कार्डावर घेऊ, मग हळूहळू फेडू.’ या महिन्याचा लेख त्या ‘हळूहळू’वर आहे. निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचे. नाव-गाव न देता तिचा प्रश्न इथे मांडते.

तिच्या शोहरांना दुकानात २८ हजार रुपये पगार आहे. बँकेने त्यांना ८० हजारांची मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड दिले. गेल्या वर्षी ईद आणि पाठोपाठ नणंदेचा निकाह, असे मिळून ३० हजार रुपये त्या कार्डावर खर्च झाले. त्यानंतर कार्ड वापरलेच नाही. दर महिन्याला बिलावर लिहिलेली ‘किमान रक्कम’ न चुकता भरली. वर्षभरात सतरा हजार रुपये भरून झाले, तरी बाकी सत्तावीस हजार दाखवते. ती विचारते, ‘आपा, एकही हप्ता चुकवला नाही, मग आमचे पैसे गेले कुठे? बँक फसवते आहे का?’

भगिनींनो, बँकेने इथे हिशेबात लबाडी केलेली नाही. आठवीच्या गणितात मुलांना चक्रवाढ व्याज शिकवतात ना, तेच या घरात येऊन बसले आहे. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

कार्ड म्हणजे उधारी

डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डाने दुकानदाराला पैसे बँक देते आणि आपण बँकेचे देणेकरी होतो. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीत आपले नाव असते, तशीच ही वही. वाणी तोंड ओळखून उधारी देतो, बँक मुदत ठरवून देते, एवढाच फरक.

ही मुदत नीट समजून घ्या. समजा, दर महिन्याच्या १० तारखेला बिल तयार होते आणि ३० तारीख ही भरण्याची शेवटची तारीख आहे. ११ मार्चला घेतलेली वस्तू १० एप्रिलच्या बिलात येईल आणि तिचे पैसे ३० एप्रिलपर्यंत भरायचे, म्हणजे ५० दिवस मिळाले. तीच वस्तू ९ एप्रिलला घेतली तर त्याच ३० एप्रिलला पैसे द्यायचे, म्हणजे फक्त २१ दिवस. या काळाचे व्याज लागत नाही, पण त्याला एक अट आहे. संपूर्ण बिल शेवटच्या तारखेपर्यंत भरलेले हवे. ‘संपूर्ण’ या शब्दावर बोट ठेवून पुढे वाचा.

दोन आकडे

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारणपणे एकूण बाकीच्या ५ टक्के असते. ३० हजारांच्या बिलावर १,५०० रुपये. गरीब-मध्यमवर्गीय माणसाला हा आकडा दिलासा वाटतो. पंधराशेत काम भागत असेल तर तीस हजार का भरा?

आता व्याजाचा दर पाहा. आपल्याकडे बऱ्याच कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. साडेतीन ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचे ते ४२ टक्के झाले. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३० हजारांवर महिन्याचे व्याज १,०५० आणि त्यावर कर १८९, मिळून १,२३९ रुपये. आपण भरले १,५००. त्यातून मूळ कर्ज फिटले अवघे २६१ रुपये!

पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी होते, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी होते आणि फेडीचा वेग तसाच मुंगीचा राहतो. असे बारा महिने चालले तर ढोबळमानाने १७ हजार रुपये भरले जातात आणि कर्ज उतरते फक्त तीन हजारांनी. आपल्या भगिनीच्या पत्रातले आकडे नेमके हेच आहेत. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही.

तेच कर्ज दर महिन्याला ठरवून तीन-तीन हजार भरून फेडले असते तर? तेरा महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला असता आणि एकूण साडे-एकोणचाळीस हजारांच्या आसपास गेले असते. साडेनऊ हजारांचा फटका तिथेही आहे, पण निदान शेवट दिसतो. नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा बिलावर छापण्याचे बंधनच रिझर्व्ह बँकेने घातले आहे. तो बारीक अक्षरात असतो आणि आपण तो वाचत नाही.

आणखी तीन खड्डे

पहिला खड्डा थोडी बाकी ठेवण्याचा. वीस हजारांच्या बिलापैकी एकोणीस हजार भरले, म्हणजे व्याज एक हजारावरच लागेल, असा समज असतो. बहुतेक बँकांच्या नियमांनुसार पूर्ण बिल न भरल्यास खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते, आणि पैसे भरेपर्यंतच्या काळाचे ते पूर्ण रकमेवर असते. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याचे दूध कार्डावर आणले तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

दुसरा खड्डा एटीएमचा. क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढली तर एक दिवसही सवलत नाही. काढल्या क्षणापासून व्याज, आणि वर वेगळे शुल्क.

तिसरा खड्डा ‘नो कॉस्ट ईएमआय’चा. फुकटात कोणी हप्ते देत नाही. व्याज कुठेतरी असतेच, बहुधा रोखीत मिळणारी सूट हप्त्यात मिळत नाही. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो. फ्रिज घेताना दुकानदाराला सरळ विचारा, ‘भाई, रोख दिले तर केवढ्याला?’ दोन किमतींतला फरक हेच त्या हप्त्यांचे मोल.

दीनच्या बाजूने

सूद हराम आहे, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही ‘आपण सूद घेत नाही, देतो’ असे म्हणून पुष्कळ जण मनाची समजूत घालतात. देणाऱ्यालाही त्यात मोकळीक नाही. क्रेडिट कार्डाबाबत उलेमांची मते एकसारखी नाहीत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात असे मत दिले की, ज्या कार्डाच्या करारातच व्याजाची अट आहे ते घेणेच योग्य नाही, भले माणसाचा इरादा मुदतीत पैसे भरण्याचा असो. दुसरीकडे, गरज असेल आणि मुदतीत पूर्ण रक्कम भरण्याची पक्की व्यवस्था असेल तर वापरण्यास हरकत नाही, असे म्हणणारेही आलिम आहेत. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. आपण ज्यांच्याकडून मसले विचारता, त्यांनाच हा विचारावा. मात्र व्याज भरत राहणे चालेल, असे या दोन्हींपैकी कोणीच म्हणत नाही, एवढे लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२वी आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. वारसा वाटण्याआधी मय्यतचे कर्ज फेडायचे, हेही आपण जाणतो. मग शोहरांच्या कार्डावर किती बाकी आहे, हे बीबीला ठाऊक नसावे, हे कसे चालेल? घरातल्या दोघांनाही तो आकडा माहीत असायला हवा.

त्या भगिनीने आता काय करावे?

पहिले काम झालेले आहे, कार्ड बंद ठेवले आहे. आता किमान रकमेकडे पाहणे सोडावे. सत्तावीस हजारांची बाकी जितकी लवकर संपेल तितके बरे. सख्खे भाऊ, मामू, चाचा यांच्यापैकी कोणी कर्ज-ए-हसना देत असेल तर संकोच सोडून मागावे, कागदावर लिहावे आणि ठरल्या तारखेला परत करावे. भिशीत असाल तर आपला नंबर आधी देण्याची विनंती इतर बहिणींना करता येते. गावात बिनव्याजी कर्ज देणारी सोसायटी असेल तर तिथे चौकशी करावी. एखादा दागिना विकणे हाही मार्ग आहे, पण मेहर आणि बीबीचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तर ठीक, कोणी दबाव आणू नये. दिले तर तेही लिहून ठेवावे.

यातले काहीच जमले नाही तर दर महिन्याला ठरलेली मोठी रक्कम भरावी, आणि व्याज कमी करून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारावे. ‘थोडे भरा, प्रकरण मिटवू’ असे कोणी म्हणाले तर जपून. सिबिलच्या नोंदीत ते कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न येता ‘तडजोडीने मिटवले’ असे येते आणि पुढे घरासाठी किंवा दुकानासाठी पैसे उभे करताना ती नोंद आड येते. एक कर्ज फेडायला मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे तर मुळीच जाऊ नये.

वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर घाबरू नका. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करण्यास, धमकावण्यास किंवा नातलगांसमोर अपमान करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्यासाठी

– कार्डाची मर्यादा म्हणजे कमाई नव्हे. ८० हजारांची मर्यादा आहे म्हणून २८ हजारांचा पगार वाढत नाही. बँकेला सांगून मर्यादा कमी करून घेता येते.

– खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय करताना ‘संपूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडा. पुष्कळांनी नकळत ‘किमान रक्कम’ निवडलेली असते.

– कार्डावर खर्च केला की तेवढी रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा आणि खात्यात बाजूला ठेवा. बाजूला ठेवायला पैसे नसतील तर ती वस्तू घेऊ नका.

– आपल्या कार्डावर मुलाला किंवा बीबीला जोडकार्ड घेतले तर त्याचे देणे मूळ कार्डधारकाच्या माथी असते.

– ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

– नको असलेले कार्ड कपाटात ठेवू नका, वार्षिक शुल्क लागत राहते. बाकी शून्य करून बंद करण्याचा अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने आपल्याला द्यायचे, असा नियम आहे.

– व्याजावर सरकारी लगाम असेल, या भरवशावर राहू नका. ३० टक्क्यांहून अधिक दर अन्यायाचा, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. आपल्या कार्डाचा दर आपणच बघायचा.

शेवटी मुळाचा विचार. वाण्याकडे रोज दूध-साखर घेताना आपण रुपया-रुपया मोजतो आणि निकाहाच्या हॉलवर, ईदच्या तिसऱ्या जोडावर कार्ड सहज पुढे करतो. ‘लोक काय म्हणतील’ याचे बिल लोक भरत नाहीत. यंदा ईदची यादी करताना कागदाच्या माथ्यावर आधी हातात असलेली रक्कम लिहा आणि मग खाली वस्तू लिहा. यादी रकमेपेक्षा लांब झाली तर खालून खोडत या. मुलांना शेजारी बसवा आणि खोडताना कारण सांगा. दोन जोडांऐवजी एकच का, हे मूल आईच्या तोंडून ऐकते तेव्हा ते समजूतदार होते, हे मी वर्गात रोज पाहते. त्या भगिनीच्या घरावरचे ओझे लवकर उतरो आणि आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत अल्लाह बरकत देवो. आमीन.