माल आहे तसा दिसू द्या

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी आमच्या एका विद्यार्थिनीचे अब्बू उभे होते. चेहरा उतरलेला. "सर, पुण्याहून वीस किलो बेदाणा परत आला. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत एक आणि खोक्यात दुसराच."

आम्ही त्यांचा मोबाईल पाहिला. व्हॉट्सॲपवर धाडलेला फोटो इंटरनेटवरून उचललेला होता. काचेच्या वाडग्यात लांबट, सोनेरी मणी. यांच्या शेडमधला बेदाणा गोड आणि स्वच्छ, पण मणी मध्यम आणि रंग हिरवट. मालात खोट नव्हती, खोट चित्रात होती. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले आणि त्याच पैशांतून मुलीची अकरावीची फी भरायची होती.

"इंग्रजीत एक झकास कॅटलॉग करून द्या," असे त्यांचे म्हणणे. आम्ही म्हटले, "भाईजान, कॅटलॉगचे मागून बघू. आधी चित्र खरे करू."

धंद्यात चित्राचे काम काय, हे शिकायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. हे लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांकडे मोर्चा वळवला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवला. म्हणजे आमच्यासारखेच शिक्षक.

त्यांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजेनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज होता. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती घालवल्याशिवाय विक्री होणार नव्हती. पुढे कारखान्याच्या जाहिरातीचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव पाहू लागले. ते स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्रक काढले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत जावी हा हेतू. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' निघाले. कारखान्याने चित्र आणि शब्द यांना एकत्र कामाला लावले, ते शंभर वर्षांपूर्वी आणि आपल्या शेजारच्या गावात.

तर बेदाण्याकडे वळू. रविवारी आम्ही, ते भाईजान आणि त्यांची मुलगी शेडवर जमलो. सगळे काम मोबाईलवर आणि दोन कोऱ्या कागदांवर झाले.

पहिले काम मालाच्या फोटोचे. सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर मूठभर बेदाणा पसरला. पिवळा बल्ब लावला नाही, मोबाईलमधली रंग खुलवणारी करामत वापरली नाही. मण्यांशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले. मणी 'मध्यम' म्हणजे केवढा, हे शब्दांनी सांगता येत नाही, नाण्याने कळते. गिऱ्हाइकाला माल हातात घेता येत नाही, म्हणून त्याच्या हाताचे काम फोटोने करायचे.

दुसरे काम भावाचे. "एवढा महाग का?" हा प्रश्न दर गिऱ्हाईक विचारते. मुलीने कागदावर द्राक्षांच्या चार पाट्या काढल्या आणि पुढे बेदाण्याची एकच. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. खाली ओळीने चार लहान चित्रे: घड द्रावणात बुडवणे, शेडमधल्या जाळीवर पसरणे, पंधरवडाभर सावलीत वाळवणे, देठ काढून निवडणे. सावलीत वाळल्यामुळे रंग हिरवट राहतो, हेही तिथेच लिहिले. ज्या हिरवटपणावरून माल परत आला होता, तोच आता मालाची ओळख झाला. असे चित्र कर्नाटकातल्या गिऱ्हाइकालाही कळते आणि अक्षरओळख नसलेल्या नानीलाही.

तिसरे काम हिशेबाचे. भाईजानना बँकेत कर्जासाठी जायचे होते. मुलीने विक्रीचे उभे स्तंभ काढले. एका महिन्यात ४० पेट्या, पुढच्या महिन्यात ४४. पण तिने मोजणी शून्याऐवजी ३८ पासून सुरू केली होती. त्यामुळे पहिला स्तंभ दोन घरांचा आणि दुसरा सहा घरांचा झाला. वाढ दहा टक्के, डोळ्याला दिसते तिप्पट! तिने मुद्दाम केले नव्हते, कागद पुरावा म्हणून केले होते. आम्ही म्हटले, "बेटा, आकडे खरे आहेत, पण चित्र खोटे बोलतेय." तिने कागद उलटला आणि शून्यापासून नव्याने काढले. वाढ लहान दिसली, पण बँकेच्या साहेबांसमोर मान खाली घालायची पाळी त्यात नव्हती.

आणखी एक खूणगाठ. 'लाल म्हणजे उधारी, हिरवे म्हणजे जमा' अशा नुसत्या रंगांवर विसंबू नये. लक्ष्मणरावांसारखे रंगांत फरक न कळणारे लोक आपल्या घराघरांत असतात, त्यातही पुरुषांत जास्त. रंगाशेजारी शब्द लिहावा. आणि एका चित्रात एकच गोष्ट सांगावी. फुले, चकाकती अक्षरे आणि पाच मोबाईल नंबर एकाच कागदावर कोंबले की गिऱ्हाईक काहीच वाचत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे आपणांस विचारण्यात आले आणि फसवणाऱ्याचा आमच्याशी संबंध नाही, असे बजावण्यात आले, हे त्या विक्रेत्याने ऐकले. आज आपली रास मोबाईलच्या पडद्यावर असते. वरचे कोरडे धान्य म्हणजे आपला फोटो, आणि गिऱ्हाइकाचा हात पोचतो तो पार्सल उघडल्यावर.

पुण्याचे गिऱ्हाईक काही परत आले नाही. एकदा तुटलेला भरवसा फोटोने जुळत नाही. पण नाण्याचा फोटो पाहून मिरजेच्या एका दुकानदाराने आधी पाच किलो मागवले आणि पंधरा दिवसांनी पंचवीस. त्याने फोनवर एवढेच सांगितले, "दाखवला तसाच आला." मुलीची फी भरली गेली.

आपल्या घरात कोणी बांगड्या विकते, कोणी शिवणकाम करते, कोणी खारी-बिस्किटे भाजते. आज रात्री त्यांचा मोबाईल मागून घ्या आणि धंद्याचे फोटो नीट पाहा. त्यातला एखादा उसना असेल, तर उद्या सकाळी उजेड चांगला असेल तेव्हा आपल्या मालाचा खरा फोटो काढा. शेजारी रुपयाचे नाणे ठेवायला विसरू नका.