अठरा तासांचा हिशेब



१४ एप्रिल आला की आपण सलग अठरा तास अभ्यासाला बसतो. सतरंज्या, बॅनर, फोटो. मीही बसलोय. डाळ मिलची रातपाळी करून बसलो होतो. दुपारी तीनला पुस्तकावर डोकं ठेवून झोपलो. फोटोत मात्र वाचतोय असंच दिसतं.

मला या अठरा तासांवर बोलायचंय. राग येईल. येऊ द्या.

आमच्या वस्तीतली एक पोरगी वाशिमला बी.एस्सी.ला आहे. माय सोयाबीन सोंगायला जाते, बाप गवंड्याच्या हाताखाली. गेल्या साली तिचा गणिताचा पेपर राहिला. एका रात्री ती वही घेऊन दारात उभी. "दादा, तुमी लय वाचता म्हणते सारे. हे एवढं सांगून द्या ना."

वहीत लिमिट, एप्सिलॉन, डेल्टा. मी आठवी नापास. कविता लिहितो म्हणून वस्तीला वाटतं याला सगळंच येतं. ती ओळ मी चारदा वाचली. मग म्हटलं, उद्या पाहू. आपल्या किती पोरांचं शिक्षण या 'उद्या पाहू'त बुडालं असेल!

वर्गात तिनं एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, हे बारावीतच यायला पाहिजे होतं. वर्ग हसला. तेव्हापासून तिचा हात वर गेला नाही. शिकवणीची फी मायच्या मजुरीला पुरी पडत नाही.

मग मी तिला आपल्याच कार्यकर्त्यांकडे नेलं. नावं घेत नाही, ते हे वाचणारच आहेत. एक म्हणाला, "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत. तू किती करते?" दुसऱ्यानं टाइमटेबल लिहून दिलं. पहाटे चार ते सात गणित. पोरगी काही बोलली नाही. पहाटे ती पाणी भरते, सैपाक करते, साडेसहाची एस.टी. धरते. जी ओळ समजलीच नाही तिच्यापुढं अठरा तास बसून काय होणार? ती अठरा तास न समजलेलीच राहणार.

आणि बाबासाहेबांचं नाव घेता तर पुरतं घ्या. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. पुढे सयाजीरावांकडे शब्दही टाकला. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. मेहनत त्यांची, त्यात वादच नाही. पण कोणीतरी दार उघडलं होतं. ते आपण भाषणातून गाळतो, कारण ते सांगितलं तर आपल्यालाही कोणाचं तरी दार उघडावं लागेल.

मला व्यासपीठावर बोलावून म्हणतात, हे बघा, आपला एकलव्य, कोणी शिकवलं नाही तरी शिकला. टाळ्या. अरे, कोणी शिकवलं नाही ही टाळ्या वाजवायची गोष्ट आहे का? मला शिकवणारा भेटला असता तर मी त्या रात्री 'उद्या पाहू' म्हटलं नसतं.

तिच्या पुस्तकात पुढं ग्रीनचं प्रमेय आहे. बंद रेघेवरून एक फेरी मारायची अन् त्या फेरीतून आतल्या क्षेत्राचा हिशेब काढायचा. (दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरून फिरण्यात आपल्या बापजाद्यांची हयात गेली, आतला हिशेब कधी लागला नाही.) हा जॉर्ज ग्रीन इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ पिठाच्या पवनचक्कीवर काम करायचा. शाळा जेमतेम वर्षभर. तो मालकाचा पोरगा, मी पोती उचलणारा, एवढा फरक ठेवूनच सांगतो. १८२३ साली तो गावातल्या वर्गणीच्या वाचनालयाचा सभासद झाला आणि १८२८ साली लोकांच्या वर्गणीवरच त्यानं आपला निबंध छापला. ब्रॉमहेड नावाच्या एका जाणत्या माणसानं मदत देऊ केली. ग्रीननं जवळजवळ दोन वर्षं उत्तरच दिलं नाही. वाटलं, मोठा माणूस आहे, तोंडदेखलं बोलला असेल. बघा, लाज तिकडंही तीच. शेवटी त्यानं लिहिलं, आणि १८३३ साली, चाळिशीत, तो केंब्रिजला शिकायला गेला.

मी पण लाज सोडली. आपल्यातून शिकून नोकरीला लागलेल्या तिघांना फोन केले. दोघं म्हणाले, वेळ नाही, जयंतीची पावती फाडा. तिसरा पुण्यात इंजिनियर. म्हणाला, वहीच्या पानाचा फोटो पाठव.

पान पाहून तो म्हणाला, "हिचं लिमिट अडलं नाही, मोड अडलाय." मोड एक्स वजा ए, म्हणजे ए पासून एक्सचं अंतर. "समज, ए म्हणजे वाशिम. तू अकोल्याकडं पाच किलोमीटर जा नाहीतर हिंगोलीकडं पाच जा, अंतर पाचच. डेल्टा म्हणजे वाशिमपासून किती लांब जायची मुभा, तेवढंच." पोरगी हसली. कितीतरी महिन्यांनी. आणि दोस्तहो, मलाही कळलं.

मग त्यानं तिला विचारलं, दिवसात तुझा स्वतःचा वेळ किती? हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. रात्रीचा दीड तास आणि एस.टी.तला येता-जाताचा. तो म्हणाला, पुष्कळ झाला. एस.टी.त व्याख्या पाठ. रात्री चारच गणितं, उत्तर झाकून. अडलं तर 'समजलं नाही' असं लिहायचं नाही. कोणत्या ओळीवरून कोणती ओळ कशी आली हे कळलं नाही, ते लिहायचं. रविवारी फोटो.

१८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्यांच्याजवळ फोन नव्हता. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, प्रत्येक विहाराला रविवार आहे. डिग्री घेतलेला एक तरी माणूस तालुक्यात आहे. त्याच्याकडून पावती घेऊ नका, दोन तास घ्या. नाही म्हणाला तर पुन्हा जा. डीजे सांगायला दहा चकरा मारतोच की आपण.

आमचा फळा आलाय, जुना, एका शाळेनं टाकून दिलेला. येत्या रविवारी पोरगी दहावीच्या तिघांना मोड शिकवणार आहे. चौथा मी. खडू नाहीत. येणारांनी घेऊन यावेत.