गाडीचा पिकअप आणि आपला श्वास

‘ई-२० आल्यापासून गाडी ओढत नाही,’ हे वाक्य हल्ली चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येते. टर्बो इंजिनाच्या मोटारी आणि तीनशे-चारशे सीसीच्या दुचाकी आता कोल्हारसारख्या गावालाही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. नगर-मनमाड रस्त्यावर त्या रोज दिसतात. त्यांचे तरुण मालक दोन प्रश्न विचारतात. इथेनॉलने ताकद कमी होते का? इंजिन खराब होते का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सायलेन्सरमधून जे बाहेर पडते त्याचे काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. डॉक्टर म्हणून माझा संबंध येतो तो या तिसऱ्या प्रश्नाशी.

इथेनॉल हा विषय आपल्या भागाला परका नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर, प्रवरानगरला उभा राहिला. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे देशातले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले ते मिरजेला, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आणि मनमाडला. म्हणजे आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. पुढे बरीच वर्षे हे काम रेंगाळले. २०१३-१४ मध्ये देशातले सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. आज पंपावर ‘साधे पेट्रोल’ म्हणून जे मिळते ते हेच.

आधी ताकदीचे पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल असलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच आहे. बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीचे मायलेज ई-२० मुळे सहा ते सात टक्के, तर दुचाकीचे तीन ते चार टक्के घटेल, असा अंदाज त्यात दिला आहे. मुळात १० टक्क्यांसाठी घडवलेली आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेली चारचाकी असेल तर घट एक ते दोन टक्क्यांची. तेव्हा मायलेजची तक्रार करणाऱ्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजूही आहे. इथेनॉलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते, म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेट घेत नाही. शिवाय वाफ होताना ते आजूबाजूची हवा जास्त थंड करते. टर्बो आणि जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला नेमके हेच हवे असते. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींच्या गाड्या २००७ पासून इथेनॉलवर धावू लागल्या. फॉर्म्युला वनने २०२२ पासून १० टक्के मिश्रण स्वीकारले. ब्राझीलमध्ये २००३ पासून कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालणाऱ्या मोटारी विकल्या जातात. इंजिन त्यासाठी घडवले असेल तर इथेनॉलवरही गाडी जोरात पळते. अडचण होते ती वेगळ्या इंधनासाठी घडवलेल्या इंजिनाची.

आता सायलेन्सरकडे वळू. त्याच अहवालातल्या चाचण्यांनुसार ई-२० मुळे कार्बन मोनॉक्साइड दुचाकींमध्ये सुमारे ५० टक्के आणि चारचाकींमध्ये ३० टक्के कमी होतो. न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २० टक्के घटतात. नायट्रोजन ऑक्साइडचा मात्र ठोस कल दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो. गर्दीच्या फाट्यावर दिवसभर उभा राहणारा भाजीवाला, वाहतूक पोलीस, हृदयविकाराचा रुग्ण आणि गर्भवती स्त्री यांच्यासाठी ही घट मोलाची आहे.

परंतु इथेनॉल जळताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा वायू जास्त तयार होतो. तो डोळे आणि श्वासनलिका चुरचुरवतो, शिवाय त्याच्यावर कर्करोगजनक असल्याचा संशय आहे. अहवालाने त्याचीही नोंद केली आहे. साओ पावलो शहरात २००९ ते २०११ या काळात लोक किमतीमुळे इथेनॉलकडून पेट्रोलकडे वळले, तेव्हा संशोधकांना हवेत ओझोन कमी झालेला आढळला. मात्र त्याच वेळी अतिसूक्ष्म कण वाढले. म्हणजे एक इंधन अमृत आणि दुसरे विष, असा सरळ हिशेब इथे नाही. माझे मत विचाराल तर ई-२० मुळे आरोग्याचा थोडा पण खरा फायदा आहे. तो टिकतो मात्र दोन अटींवर. इंजिनाची जुळणी बरोबर हवी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर हवा.

या दोन अटींवरच सध्या घाला पडतो आहे. ‘गेलेला पिकअप परत आणून देतो’ म्हणून कॅट काढून तिथे मोकळा पाइप बसवणारे, संगणकातली मूळ जुळणी बदलून इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारे आणि बाटलीबंद ऑक्टेन बूस्टर विकणारे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. कॅट हा गाडीच्या पोटातला जणू यकृताचा तुकडा. गरम झाल्यावर तो विषारी वायूंचा बहुतांश भाग निकामी करतो. तो काढला की ई-२० ने वाचवलेले सगळे प्रदूषण कितीतरी पटींनी परत येते. काही बूस्टरमध्ये मँगॅनीजची संयुगे असतात. मँगॅनीजची धूळ आणि धूर वर्षानुवर्षे श्वासातून गेलेल्या खाणकामगारांत आणि वेल्डरांत कंपवातासारखा आजार होतो, हे वैद्यकशास्त्राला जुने माहीत आहे. तो पदार्थ थोड्याशा पिकअपसाठी गल्लीच्या हवेत सोडण्यात शहाणपण नाही.

ही चूक जगाने एकदा करून पाहिली आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातल्यास इंजिनाची खडखड थांबते असे आढळले. इथेनॉलनेही ती थांबते, हे तेव्हा ठाऊक होते. पण शिसे अगदी थोडे लागे आणि त्याचे पेटंट घेता येई. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही शिशाचे पेट्रोल जगभर गेले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातला शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात थांबला. इंधनाची पारख फक्त इंजिनाच्या सुखावर केली की बिल दवाखान्यात येते, आणि ते भरतो गाडी नसलेला माणूस.

याचा अर्थ गाडीमालकांनी गप्प बसावे असा नाही. इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय द्यावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तरी पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिणे, जुन्या गाडीला काय चालते हे कंपनीने स्पष्ट सांगणे आणि रबरी नळ्या माफक दरात बदलून देणे, या मागण्या न्याय्यच आहेत. माहिती मिळाली नाही की माणूस मेकॅनिकच्या जुगाडाकडे वळतो. पीयूसी चाचणीही सुधारायला हवी. पेट्रोल गाडीची ही तपासणी उभ्या गाडीवर मोजकेच वायू मोजते. ॲल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तिच्या नजरेला पडत नाहीत.

आपल्या जिल्ह्याने आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर काळे सांडपाणी निघते. ते आटवून आणि जाळून संपवण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. ते बारमाही चालते की नाही, यावर ग्रामसभेने लक्ष ठेवले तरच शहराची हवा सुधारताना आपल्या विहिरी नासणार नाहीत.

शेवटी काही साध्या सूचना. गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ ई-१० लिहिले आहे की ई-२०, ते पाहा. गाडी जुनी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि वॉशर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्या. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीत इंधन भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. साध्या इंजिनात शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोल टाकून ताकद वाढत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड कमी झाला तरी बंद जागेत तो जीव घेऊ शकतो.

आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. मिश्रण तपासण्यासाठी, व्हिडिओसाठी, कशासाठीच नको. ठसका लागला की पेट्रोल फुप्फुसात उतरते आणि धडधाकट तरुणाला न्यूमोनिया होऊन ऑक्सिजनवर ठेवावे लागते. तसे झालेच तर उलटी करवू नका, दूध, तेल किंवा मिठाचे पाणी पाजू नका. रुग्णाला बसवून थेट दवाखान्यात आणा.

वेगाची हौस वाईट नाही. ती पुरवायची असेल तर ई-२० साठी घडवलेले चांगले इंजिन घ्या, त्याची मूळ जुळणी राखा आणि कॅटला हात लावू देऊ नका. मोटार वाहन कायद्यानुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरेच. पण त्या सायलेन्सरच्या उंचीवरच आपल्या मुलांची नाके असतात. कॅट जागेवर ठेवायला एवढे कारण पुरे आहे.