आधी पाणी, मग टाइल्स

तीन वर्षांपूर्वी टाइल्सच्या शोरूममध्ये माझे तीन रविवार गेले. आयव्हरी की ऑफ-व्हाइट? मॅट की ग्लॉसी? बाथरूम जेमतेम पाच बाय सात फुटांचं, पण चर्चा राजवाड्याची! आणि या टाइल्स ज्या भिंतींवर, ज्या जमिनीवर बसणार होत्या, त्यांच्यासाठी मी किती वेळ दिला? दहा मिनिटं. मिस्त्री म्हणाले, ‘‘जुन्यावरच नवीन चिकटवू, तोडफोड नको, चार दिवसांत मोकळे.’’ मी म्हटलं, वा! विषय संपला.

तो संपला नव्हता. गेल्या वर्षी पावसाळा सरला, तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधला छताचा ओला डाग काही सुकेना. एके सकाळी काकू आंघोळ करून बाहेर आल्या आणि मागे धप्पकन गिलाव्याचा पोपडा पडला. चांगला परातीएवढा. काकू सत्तरीच्या. तो पोपडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्या वर आल्या.

‘‘अगं, भांडायला नाही आले. पण पाच मिनिटं आधी पडला असता तर?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खर्च कोणाचा, हा वादही नव्हता. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधून होणारी आतली गळती त्या-त्या सभासदानेच दुरुस्त करून द्यायची असते. म्हणजे मी.

या वेळचे मिस्त्री वेगळे होते. आले, उकिडवे बसले, माझ्या लाडक्या टाइल्सवर नाण्याने टकटक केलं. कुठे ‘टण’, कुठे ‘बद्द’. जिथे बद्द, तिथे खाली पोकळी. मग म्हणाले, ‘‘ताई, टाइल्स पाणी अडवत नाहीत. त्या नुसत्या दिसतात. पाणी सांध्यांतून खाली जाणारच. त्याला अडवायचं काम खालच्या थराचं.’’

तर मंडळी, त्या खालच्या थराची ही गोष्ट.

आधी सगळं फोडलं. भिंतीवर विटा दिसेपर्यंत, जमिनीवर स्लॅब दिसेपर्यंत. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुधा बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांचे तुकडे नि सिमेंट घालून भरतात. माझ्या खड्ड्यातला हा भराव चिंब ओला होता. वरून टाइल्स चकचकीत आणि पोटात तळं!

मग नळांच्या नवीन लाइन टाकल्या. भिंत बंद करण्याआधी त्यांत प्रेशरने पाणी भरून ठेवलं. एखादा जॉइंट गळत असेल तर तो आत्ता कळलेला बरा, टाइल्स लावल्यावर कळला तर पुन्हा हातोडा. स्लॅब घासून स्वच्छ केला, वॉटरप्रूफिंग केलं, नवा कोबा घातला. भिंतींना नवा गिलावा, ओळंबा लावून. सहा फुटी पट्टी भिंतीवर टेकवून मिस्त्री मला फटी दाखवत होते. भिंत वाकडी असेल तर टाइल्सखाली कुठे जाड मसाला भरावा लागतो, कुठे पोकळी राहते. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं काम माझं. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर, हातात पाइप. इतकी इमानदारी मी जिमच्या मेंबरशिपला कधी दाखवली नाही.

त्यानंतर कोटिंग. दोन हात, एक आडवा, एक उभा. जमीन आणि भिंत जिथे भेटतात तो कोपरा आधी मसाल्याने गोलाई देऊन भरला, कारण तडा पहिल्यांदा तिथेच जातो. कोटिंग जमिनीवरून भिंतीवर फूटभर चढवलं, शॉवरच्या बाजूला पार डोक्याच्या उंचीपर्यंत.

आणि मग परीक्षा. नहाणीचं तोंड बंद केलं, दोन-तीन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. आता अठ्ठेचाळीस तास थांबायचं. मिस्त्रींना दुसरीकडचं काम खुणावत होतं. ‘‘ताई, रात्रभर पुरे की.’’ मोह मलाही झाला. दोन आठवडे मी ऑफिसच्या जिममध्ये आंघोळ करत होते! (मेंबरशिप शेवटी वसूल झाली.) पण नजरेसमोर तो वर्तमानपत्रातला पोपडा आला. म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन. ‘‘अगं, पाइपापाशी ओलं दिसतंय.’’

रात्रभराची परीक्षा घेतली असती, तर पास झालो असतो. आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा पोपडा.

नहाणीचा पाइप स्लॅबमधून जातो, तिथे बारीक फट राहिली होती. पाणी काढलं, पाइपाभोवती खणलं, न आकसणारा मसाला भरला, पुन्हा कोटिंग, पुन्हा पाणी, पुन्हा अठ्ठेचाळीस तास. या खेपेला काकूंचं छत कोरडं ठक्क.

टाइल्सचं काम त्यापुढे अगदी सोपं वाटलं. जमिनीला नहाणीकडे उतार, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, मॅट, म्हणजे पाय घसरत नाही. या टाइल्स अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाहीत, म्हणून नुसत्या सिमेंटला नीट धरत नाहीत. त्यांना अ‍ॅडहेसिव्हच लागतं. रंग? शोरूममध्ये गेले आणि वीस मिनिटांत निवडून बाहेर आले.

तुमचंही बाथरूम निघणार असेल, तर एवढंच करा. कोटेशनमध्ये पाणी भरून ठेवण्याचे दोन दिवस आधीच लिहून घ्या आणि खालच्या घरी स्वतः जाऊन सांगून या. ते दोन दिवस कुणी मागितले तरी देऊ नका.

घरी येणारे पाहुणे आता टाइल्सचं कौतुक करतात. मी थँक्यू म्हणते. पण महिन्यातून एकदा चहाच्या निमित्ताने काकूंकडे जाते आणि हळूच त्यांच्या बाथरूमचं छत बघून येते. माझं बाथरूम कसं झालंय, ते खरं तिथेच दिसतं.