‘मरुत्सखा’चा पुरावा कोठे आहे?

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मानवरहित विमान उडविले, ही कथा मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. उद्या सेनगावसारख्या गावातील एखाद्या शाळकरी मुलाने बौद्धिक संपल्यावर ‘ते विमान आता कोठे आहे?’ असे विचारले, तर वक्त्याने काय सांगावे?

इंग्रजांनी सारे दडपले, हे ठरलेले उत्तर आहे. ते सोयीचे आहे, पुरेसे नाही. पडताळून पाहता येईल असा आराखडा, छायाचित्र किंवा तत्कालीन वृत्त कोणीही पुढे ठेवलेले नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार दिला जातो, त्याची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासकांना परंपराद्वेष्टे म्हणण्याची सोय नाही; पुढे विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाची धुरा वाहणारे डॉ. एच. आर. नागेंद्र त्यांच्यापैकीच एक!

जुने विमान पुन्हा उभारून सत्य तपासता येते, तसेच ते झाकताही येते. अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांचे विमान १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी त्यात फेरफार करून ते थोडेसे उडविले आणि मूळ यंत्रच उड्डाणक्षम होते, असे स्मिथसोनियन संस्था सांगू लागली. संतापलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी आपले ऐतिहासिक विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाकडे धाडले. १९४२ मध्ये संस्थेने ते फेरफार जाहीर करून आपला दावा मागे घेतला. १९४८ मध्ये विमान मायदेशी परतले. उलट, १७ डिसेंबर २००३ रोजी शताब्दी सोहळ्यात राइट बंधूंच्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती पाऊस आणि मंद वारा यांमुळे जमीन सोडू शकली नाही. तरीही राइट बंधूंच्या श्रेयाला धक्का लागला नाही, कारण छायाचित्र, रोजनिशी आणि साक्षीदार शाबूत होते.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. नोंदणीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारी उंबरठे झिजविले. २०१७ मध्ये नोंदणी आणि २०१९ मध्ये चाचणीचा परवाना मिळाला. २०२० मध्ये धुळ्यात ते विमान उडाले. त्यावर चित्रपट नाही, व्याख्यानेही फारशी नाहीत.

तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर असेल, तर १८९५ ची मराठी, गुजराती आणि इंग्रजी वृत्तपत्रे पानन्‌पान चाळण्याचे काम एखाद्या अभ्यासमंडळाने अंगावर घ्यावे. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत त्या काळचे अंक जपलेले आहेत. काही सापडले तर ते जसेच्या तसे छापावे. न सापडले तर तेही छापावे.