‘पक्ष पाहू नका, माणूस पाहा’ : एका जुन्या इटालियन खोडीविषयी

मॅझिनी आपल्याला ठाऊक आहे. १९०७ साली सावरकरांनी त्याचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि गॅरिबाल्डीसह तो आपल्या घरचाच झाला. मुसोलिनीही ठाऊक आहे. या दोघांच्या मधला इटलीचा जवळजवळ अर्धशतकाचा काळ मात्र मराठी वाचक उडी मारून ओलांडतो. जुन्नर आणि आंबेगावचे आजचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर नेमका तोच काळ वाचायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

त्या काळाचा सूत्रधार आगोस्तिनो डेप्रेटिस. १८७६ मध्ये तो डाव्या गटाचा पंतप्रधान झाला. १८८२ मध्ये मताधिकार वाढला. मतदार सुमारे सहा लाखांवरून वीस लाखांवर गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्त्रादेल्ला येथील सभेत त्याने सांगून टाकले की, समोरच्या बाजूचा कोणी बदलून आपल्याकडे येऊ इच्छीत असेल तर आपण त्याला नाकारणार नाही. उजव्यांचे पुढारी मिंगेत्ती खरोखरच त्याच्या पाठीशी आले. या रीतीला ‘त्रास्फोर्मिस्मो’ असे नाव पडले. रूपांतराचे राजकारण म्हणा. यंत्रणा अगदी साधी होती. प्रतिनिधीला आपल्या मतदारसंघात रस्ता हवा, रेल्वेचा फाटा हवा, सरकारी अधिकाऱ्याची मर्जी हवी. सरकारला सभागृहात हात वर करणारा माणूस हवा. विरोधकांचा पराभव झालाच नाही. ते विरघळले.

मराठीने या प्रकाराला अधिक गोड नाव दिले : बेरजेचे राजकारण. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला होता. राज्य मिळाले, समिती विखुरली, शेकापची मातब्बर मंडळी काँग्रेसमध्ये आली आणि १९६२ मध्ये २६४ पैकी २१५ जागा एकट्या काँग्रेसकडे गेल्या. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेमागे नवे राज्य उभारण्याचा हेतू होता, हे मी मान्य करतो. पण हेतू त्यांच्याबरोबर गेला आणि बेरीज मागे राहिली.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे या. जुन्नरने २०१४ मध्ये शरद सोनवणे यांना मनसेचे आमदार केले. राज्यभरात मनसेची ती एकमेव जागा. २०१९ मध्ये ते शिवसेनेकडून लढले आणि राष्ट्रवादीच्या अतुल बेनके यांच्याकडून हरले. २०२४ मध्ये तेच सोनवणे अपक्ष म्हणून जिंकले. शिरूर लोकसभेची गोष्ट याहून रंजक आहे. २०२४ मध्ये समोरासमोर उभे होते अमोल कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव. दोघेही पूर्वी शिवसेनेचे. दोघेही आता राष्ट्रवादीचे, मात्र तिच्या दोन वेगळ्या तुकड्यांचे. आंबेगावात दिलीप वळसे पाटील १९९० पासून आमदार आहेत. काँग्रेस, मग १९९९ नंतर राष्ट्रवादी, आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवारांसोबत सत्तेत. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे पक्षांतराच्या तक्रारी ज्या आसनासमोर जातात, त्याच आसनावर. २०२४ मध्ये त्यांच्यापुढे उभे राहिले देवदत्त निकम. २०१४ ची लोकसभा याच निकमांनी अखंड राष्ट्रवादीकडून लढवली होती. फरक पडला सुमारे दीड हजार मतांचा.

(जाता जाता : १९९९ मध्ये राष्ट्रवादीचा जन्मच एका ‘इटालियन’ प्रश्नावर झाला, सोनिया गांधींच्या जन्मभूमीच्या. जूनमध्ये पक्ष निघाला आणि ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर राज्यात सरकारही आले. डेप्रेटिसने टोपी उतरवली असती.)

यावर पारावरचे उत्तर ठरलेले असते : पक्ष कोणताही असो, आम्ही माणूस पाहतो. डिंभ्याचे पाणी, कुकडीचे आवर्तन, साखर कारखाना, रस्ता. कामे करणारा माणूस हवा. हे व्यवहारी शहाणपण वाटते, पण ते मतदाराच्या हातातले एकमेव शस्त्र काढून घेते. माणसाला जाब विचारायचा तर कशाच्या आधारे? त्याने कोणत्या धोरणासाठी मत मागितले होते, हे सांगणारी गोष्ट पक्षच असते. ती पुसली की उरते ती मर्जी. मर्जीवर मिळालेले पाणी हक्काचे नसते.

इटलीने याची किंमत मोजली. १९२१ मध्ये जिओलित्तीने फॅसिस्टांना आपल्या राष्ट्रीय आघाडीत घेतले. आजवर सगळे विरघळले, तसे हेही विरघळतील, असा त्याचा हिशेब होता. ३५ फॅसिस्ट निवडून आले, त्यांत मुसोलिनी होता. पुढच्याच वर्षी तो पंतप्रधान झाला आणि १९२६ मध्ये विरोधी पक्षच बंद झाले. जुन्नरच्या बाजारपेठेत उद्या काळे सदरे दिसतील, असे म्हणणे पोरकटपणा ठरेल. सांगायचे एवढेच की, पक्ष ज्यांना पोकळ वाटू लागले होते, त्या देशाला ते वाचवावेसेही वाटले नाहीत.

‘मग पक्षांतरबंदी आहेच की!’ असे कोणी म्हणेल. आहे. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टात एकतृतीयांश आमदारांनी फुटण्याची सोय होती. २००३ मध्ये ती काढली, दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट ठेवली. किरकोळ व्यापार बंद झाला, घाऊक चालू राहिला. इटलीच्या १९४८ च्या राज्यघटनेने उलट मार्ग धरला. कलम ६७ प्रतिनिधीला पक्षादेशाच्या बंधनातून मोकळे ठेवते. परिणाम? २०१३ ते २०१८ या एका कार्यकाळात तिथल्या संसदेत पाचशेहून अधिक वेळा गट बदलले गेले. कायदा कडक असो वा सैल, दोन्हीकडे रोग तोच, कारण दोन्हीकडे पक्षाचा सामान्य सभासद या व्यवहारात कुठेच नाही. आमदार पळाला की आपण पक्षादेश, चिन्ह आणि अध्यक्षांचा निकाल यांवर वाद घालतो. तालुक्यातल्या कार्यकर्त्याचे मत कोणी घेतले का, हे विचारतच नाही. दहाव्या परिशिष्टातही त्याचा उल्लेख नाही.

आणि हे ज्या मातीत घडते तिचा इतिहास वेगळा आहे. १८८० च्या दशकात, डेप्रेटिस रोममध्ये बेरीज करीत असताना, जुन्नर परिसरातल्या कुळांनी सत्यशोधक समाजाच्या बळावर जमीनमालकांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. त्यांना मत नव्हते, आमदार नव्हता. एकमेकांशी बांधलेली संघटना तेवढी होती. त्या संपावर पुढचा धागा.